हरल्याचा नारळ

जिंकून आलेला संघ आणि हरून आलेला संघ ओळखायला आगबोटीवरून माणसं उतरवून आणणारा पडाव किनाऱ्याला लागेपर्यंत थांबावं लागत नाही. जिंकलेले पडावात उभे असतात, नाचत असतात, आणि तांडेल त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो, की बसा रं, उलथून पडाल. हरलेले गपचूप खाली बसतात, आणि तेही किनाऱ्याकडे पाठ करून. जणू मुंबईत काहीतरी महत्त्वाचं विसरून राहिलंय आणि नजर काही तिथून निघत नाही.

एकतीस सालच्या मार्गशीर्षात श्रीवर्धनच्या बंदरावर चिंचेची पाखाडी नावाची सगळी वस्ती अशीच लोटली होती. पाखाडीचा हुतुतूचा संघ परळच्या गिरणकामगारांशी सामना खेळायला म्हणून पहिल्यांदाच मुंबईला गेला होता. त्याआधी चार वर्षं बोर्लीपासून हरिहरेश्वरापर्यंत या संघाला कुणी हरवलं नव्हतं. दिवेआगरवाल्यांनी तर मागच्या साली खेळायलाच नकार दिला, वर वाडीत नारळ उतरवायचं काम निघालंय अशी सबब सांगितली. तेव्हा पाखाडीची मान इतकी वर गेली होती, की पायाखालचं कुणाला दिसत नव्हतं.

आगबोट लांब पाण्यात उभी राहिली, पडाव तिच्याजवळ गेला, परत फिरला. भागोजीआबा सकाळपासून गळ्यात ढोल अडकवून उभे होते. संघातला सगळ्यात म्हातारा माणूस, पूर्वीचा गडी, आताचा पंच, आणि नियमांची चालतीबोलती पोथी. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पडावाकडे पाहिलं, नऊ पाठी मोजल्या, ढोल वाळूत ठेवला आणि त्याच्यावर बसकण मारली.

"चला," ते म्हणाले, "बूड टेकायला तरी कामाला आला."

मग पडाव लागायच्या आतच कारणं सुरू झाली. हरलेल्या गावाइतकी हुशारी जिंकलेल्या गावाला कधी येत नाही. कुणी म्हणालं, मुंबईचं पाणी बाधलं. कुणी म्हणालं, आपली पोरं वाळूत खेळणारी, तिकडची जमीन खडीची, गुडघे फुटतील नाहीतर काय. एकाचं म्हणणं पडलं, की सदूनं धक्क्यावर उतरल्या उतरल्या भजी खाल्ली असणार, त्याला कळत नाही. दुसरा म्हणाला, पंच त्यांचा, म्हणजे झालंच. काशीबाई, जी कधी मुरूडच्या पलीकडे गेली नव्हती, तिनं शपथेवर सांगितलं की मुंबईचं वारंच असं की दम टिकत नाही.

"तू कवा गेलीस गो मुंबईला?" शेजारणीनं विचारलं.

"जायला कशाला लागतं? आलेली मानसं दिसत न्हाईत काय, कशी धापा टाकतात ती?"

या सगळ्या गलक्यात एकच बाई गप्प होती, आणि तिचं गप्प राहणं हीच बातमी होती. नीराबाई. सामना असला की वाडीच्या दगडी गडग्यावर उभी राहून ती अशी ओरडायची, की पलीकडच्या आळीतले भटजी पूजा थांबवून निकाल विचारायला येत. कुठला गडी कुठल्या पायावर वळतो, कुणाचा दम कितव्या पावलाला संपतो, हे तिला गड्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक. बायकांना हे आवडायचं असं नाही.

पडाव वाळूला टेकला. आधी कप्तान अंबाजी उतरला, मग भिकू, आणि शेवटी सदू लंगडत, घोटा बेलफळाएवढा सुजलेला. शेवटी भागोजीआबांनीच तोंड उघडलं.

"कितीनं?"

"सात गड्यांनी," अंबाजी म्हणाला.

एवढ्यावरही लोकांनी धीर धरला असता. पण सदूच्या पोटात काही राहत नाही. तो वाळूत बसला आणि घोटा चोळत म्हणाला, "हरलो न्हाय. हरवलं. त्यांच्यात आपला धर्मा व्हता."

मग बंदरावरची पन्नास डोकी एका वेळी वळली आणि नीराबाईकडे बघायला लागली. कारण धर्मा हा तिचा नवरा. सात वर्षांपूर्वी मुंबईला गेलेला, आणि गेली पाच वर्षं मेलाय की जिवंत आहे, हे कुणालाच माहीत नसलेला.

नीराबाईनं पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं, बिचारी रडते आहे.

आता धर्माबद्दल सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी पाखाडीत त्याच्यासारखा गडी नव्हता. सदू, भिकू ही तेव्हाची शेंबडी कार्टी, त्यांना चढाई शिकवली ती त्यानंच. चोवीस सालच्या भाताची कापणी झाली, भाऊभाऊ मिळून खाण्याइतकं काही निघेना, तेव्हा तो गिरणीत लागायला म्हणून गेला. शिमग्याला येतो म्हणाला. पहिली दोन वर्षं कुणाकुणाच्या तोंडी निरोप यायचे, बरा हाय, काळजी करू नको. मग तेही थांबले.

निरोप थांबले म्हणून बातम्या थोड्याच थांबतात. पाखाडीनं धर्माला या पाच वर्षांत काय काय केलं म्हणून सांगावं. एका पावसाळ्यात तो गोसावी होऊन नाशकाला गेला. दुसऱ्या वर्षी बोटीवर चढून आफ्रिकेला पोचला. काळाचौकीला त्यानं एक बाई ठेवली, ती घाटावरची, नाकात ही एवढी चमकी, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त पाहिलेलं कुणी नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी काशीबाईनं, म्हणजे नीराबाईच्या थोरल्या जावेनं, अगदी प्रेमानं विचारलं होतं, "कुंकवाचं काय करायचं ठरवलंस गो?"

"लावायचं ठरवलंय," नीराबाई म्हणाली होती, आणि पुढची सुपारी सोलायला घेतली होती.

ती वाडीत सुपारी सोलायला जायची. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घराला लागून एक पडवी, तिच्यात एकटीचा संसार. हुतुतूचा तिला एवढा नाद का, यावर पाखाडीत पुष्कळ बोललं जायचं. कुणाच्या लक्षात आलं नाही ते एवढंच, की सदू डाव्या पायावर वळला, भिकूनं दम तुटता तुटता रेघ गाठली, की त्या पोरांच्या अंगात तिला दुसरंच कुणी दिसायचं. शिकवणाऱ्याची चाल शिकलेल्यांच्या पायांत राहते. माणूस गेला, पाय गावातच होते.

त्या संध्याकाळी पाखाडीत चुली जेमतेम पेटल्या. सात गड्यांनी हरणं म्हणजे सुतकच. आणि सगळ्या पाखाडीत पोटभर जेवली ती एकटी नीराबाई. काशीबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलं. भात, कुळथाचं पिठलं, आणि वर सुका जवळा भाजलेला.

"लाज न्हाय बघा," काशीबाईनं रात्रीच्या आत चार घरांना कळवलं. "घरभेद्याची बायको, जवळा खातेय."

घरभेदी हा शब्द दुसऱ्या दिवशी पाखाडीभर झाला. झालं होतं तसंच. परळचा संघ कोकणातल्याच गिरणकामगारांचा, त्यांत धर्मा. त्यानं आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवलं असणार, सदू डावीकडे वळतो, भिकू बाराव्या पावलाला ढिला पडतो. आणि सदूचा घोटा तर त्यानं स्वतः धरला. ज्यानं चालायला शिकवलं त्यानंच पाय ओढला, असं म्हणून भागोजीआबांनी मान हलवली, आणि ते वाक्य लोकांना इतकं आवडलं की आठ दिवस तेच चाललं.

नीराबाई मात्र घरोघर फिरायला लागली. सदूच्या घोट्याला लावायला तिनं एरंडाचं तेल कोमट करून नेलं. तेल चोळता चोळता विचारलं, "पकड कशी व्हती रं?"

"घट्ट, वैनी. मगरीसारखी."

"दोनी हातांची?"

"दोनी हातांची."

"बोटं समदी हायत ना?" गिरणीत बोटं जातात, हे तिनं ऐकलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती 'त्यांच्यातला पकडवाला' असं म्हणायची, आणि सदूला कळायचं. त्यानं घोट्याकडे पाहिलं, जसे काही ठसे अजून तिथं असावेत.

"धा असतील. मला तर वीस वाटली."

भिकूकडे ती वालाच्या शेंगा घेऊन गेली. "त्यांच्यातला पकडवाला वाळलाय काय?"

"वाळलाय. केसं पिकलीत कानावरची." भिकू रागात होता. "आनि शरट घालतो वैनी, हिरवा. गावात कधी सदरा घालायला नको व्हता त्याला."

अशी ती नऊच्या नऊ घरं फिरली. एकाकडून केस, एकाकडून शर्ट, एकाकडून चालणं, एकाकडून खोकला नाही हे. नऊ गड्यांनी त्या हरलेल्या सामन्याचं नऊ वेळा वर्णन केलं, आणि तिनं त्यातला सामना बाजूला काढून फक्त माणूस वेचून घेतला, सुपारीचं साल टाकून सुपारी घ्यावी तसा. तो परत येणार का, ही एकच गोष्ट विचारायला तिची जीभ उचलत नव्हती. ती शेवटी, ती पुन्हा तेल लावायला गेली तेव्हा, सदूनंच सांगितली, आणि तीही भोळेपणानं.

"बोलला काय कुणाशी?" तिनं विचारलं.

"आमी तोंडं फिरवली. कोन बोलनार त्याच्याशी? धक्क्यावर आला व्हता, आगबोट सुटायच्या वक्ताला. लांब उभा राहिला. आनि जखमेवर मीठ कसं चोळावं बघ वैनी. येवढा हरवून वर अंबाजीला इचारतो काय, तर नारळ देनार न्हाय काय म्हनून."

नीराबाईचा तेलाचा हात थांबला.

या नारळाची रीत अशी. बाहेरगावी खेळायला जाताना संघानं एक नारळ आणि त्याच्या शेंडीला बांधलेली एक सुपारी ग्रामदेवीपुढे ठेवून मग बरोबर न्यायची. जिंकलं तर तो नारळ परत आणून देवीपुढे फोडायचा. हरलं तर मात्र तिथंच, मैदानात, जिंकलेल्या कप्तानाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, आता आमच्या अंगणात या. तो नारळ घेतला की जिंकलेल्यांना उलट सामन्याला जावंच लागतं, आणि जो गडी जिंकताना खेळला त्याला घरी बसता येत नाही. गड्यांत अशी चाल बंदरापासून बंदरापर्यंत सगळ्यांनी पाळलेली.

अंबाजीनं रागाच्या भरात नारळ दिलाच नव्हता. तसाच पंच्यात गुंडाळून परत आणला होता. आता तो त्याच्या माळ्यावर पडला होता. देवीपुढे फोडता येईना, आणि चटणीत घालायची कुणाची छाती होईना.

सदूला, अंबाजीला, सगळ्या पाखाडीला जो टोमणा वाटला, तो नीराबाईला टोमणा वाटला नाही. सात वर्षं ज्याला आपल्या पायांनी येता आलं नाही, तो माणूस, आपल्याला कुणी बोलवील का, असं विचारत होता. आणि ही गाढवं नारळ घेऊन परत आली होती.

ती उठली ती तेलाची वाटी तिथंच ठेवून.

अंबाजी खळ्यात दोर वळत बसला होता. भागोजीआबा शेजारी विडी ओढत होते. नीराबाई खळ्याच्या कडेला उभी राहिली.

"भावजी, नारळ पाठवा."

"कंचा नारळ?"

"माळ्यावरचा. उंदीर खायच्या आधी."

अंबाजीनं दोर खाली ठेवला. "त्या घरभेद्याला मी घरी बोलवू? वैनी, तुमच्या तोंडाकडं बघून आठ दिवस काय बोललो न्हाय मी."

"तुमी बोलला न्हाय, पर बाकीच्यांनी तुमच्या वाटचंबी बोलून घेतलं. घरभेदी कसला? सदू डाव्या पायावर वळतो हे त्या परळवाल्यांना सांगायला कशाला पायजे? तीन वर्सं मी गडग्यावरनं वरडतेय, सदू, उजवा पाय, उजवा पाय. मुरूडपातुर ऐकू गेलं असंल, तुमाला आलं न्हाय."

भागोजीआबांना हसू फुटलं आणि विडीचा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर अंबाजीनं त्यांच्याकडे वळून शेवटचा आधार शोधला. "आबा, नारळ घाम वाळायच्या आत द्यायचा. शिळा नारळ चालत न्हाय. व्हय का न्हाय?"

भागोजीआबांनी आभाळाकडे पाहिलं. नियम सांगायच्या आधी ते नेहमी तिकडे पाहायचे, जणू तिथं लिहिलेलं आहे. "तसं हाय. पर माझ्या तरनेपणी बोर्लीच्या सामन्यात आमचा कप्तान नारळ द्यायला इसरला व्हता. दुसऱ्या बायकोचं बाळंतपण व्हतं, त्याच्या डोक्यात तेच. मंग पंधरा दिवसांनी धाडला. बोर्लीवाल्यांनी घेतला. येक अट घातली, की ज्याची पकड झाली त्यानंच आनून द्यायचा."

"म्हंजी सदूनं?"

"सदूनं."

"आनि असं झालं व्हतं हे खरं, आबा?"

"कप्तानाला इचार. मेला तो."

बोर्लीचा तो सामना खरोखर झाला होता का, हे अंबाजीला मरेपर्यंत कळलं नाही. पण हरल्याची आग त्यालाही होतीच, आणि आपल्या वाळूत परळवाल्यांना लोळवायचं म्हटल्यावर ती आग जरा गोड लागायला लागली. तो उठला, पण एक अट त्यानंही घातली. "येऊ दे. पर संघाला गूळपानी द्यायची रीत हाय, ते आठ जनांना मिळंल. नवव्याला पाखाडीतलं कुनी पानी देनार न्हाय, बोलनार न्हाय."

"पानी मी देईन," नीराबाई म्हणाली.

घोटा बरा झाल्यावर सदू नारळ घेऊन आगबोटीनं गेला आणि निरोप घेऊन आला. परळवाले शिमग्याला येणार. कोण कोण येणार हे विचारायचं सदूला सुचलं नाही. नीराबाईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्यानं पुढं कितीतरी वर्षं लक्षात ठेवली.

माघ गेला, फाल्गुन लागला. नीराबाई पडवी सारवत होती, आणि काशीबाई कुडापलीकडून विचारत होती, "दोनदा सारवलीस गो एका आठवड्यात?"

"उंदरांनी उकरली."

"उंदीर बरे शिमग्याच्या तोंडावर उकरतात."

आणि तो आला. पडावातून सगळ्यांच्या शेवटी उतरला, गुडघाभर पाण्यात. हिरवा शर्ट, कानांवर पांढरे केस. आठ जणांना गूळपाणी मिळालं. नववा वाळूत एकटा उभा राहिला, आणि सगळी पाखाडी समुद्राकडे बघायला लागली, त्यात त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं. नीराबाई तांब्या घेऊन पुढे झाली. त्यानं तांब्या घेतला, उभ्या उभ्या सगळा प्यायला आणि परत दिला. काशीबाईचा अंदाज असा, की एवढं पाणी माणूस एका दमात पीत नाही, तो तांब्याआडून बघत होता.

सामना दुपार उतरल्यावर, वाडीलगतच्या वाळवंटात. बाया नेहमीप्रमाणे गडग्यावर. सगळ्यांचं अर्धं लक्ष खेळाकडे आणि अर्धं नीराबाईकडे, की ही आज कुणाच्या नावानं ओरडते. ती ओरडलीच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा गडगा मुका होता, आणि गडी सारखे मागे वळून पाहत होते.

खेळ बराच रंगल्यावर भिकू चढाईला गेला. बाराव्या पावलाला दम ढिला पडणार म्हणून धर्मा त्याच्यावर झेपावला, पण भिकूनं तीन महिने याच दिवसासाठी दम वाढवला होता. तो धर्माला शिवून, हाताला हिसडा देऊन रेघेपार निघून गेला. पाखाडीनं आरोळी ठोकली. धर्मा मेला.

हुतुतूत मेलेल्या गड्यानं बाहेर, कडेला बसायचं, आणि आपल्या बाजूनं समोरचा कुणी मारला की जिवंत होऊन परत आत जायचं. परळवाल्यांची कडेची जागा होती गडग्याच्या बाजूला. धर्मा उठला, वाळू झटकली, आणि येऊन गडग्याच्या बुडाशी बसला. नीराबाईच्या पायांपासून दोन हातांवर, तिच्याकडे पाठ करून.

आता ती अशी उभी होती, की समोर पाखाडीचा संघ खेळतोय, आणि जोवर त्यांचा एकही गडी मरत नाही, तोवर हा माणूस इथं बसून राहणार आहे. पाखाडीनं जिंकावं असं तिला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

दोघंही खेळाकडे बघत बोलले.

"बरं हाय?" तो म्हणाला.

"हाय."

"आईची जमीन?"

"थोरले भावजी करतात."

सदू चढाईला गेला, कुणालाही न शिवता परत आला. नीराबाईनं श्वास सोडला.

"का न्हाय आलात?" तिनं विचारलं.

तो वाळूत बोटानं रेघा ओढत राहिला. "पहिल्या शिमग्याला यायचं व्हतं. जमलं न्हाय. दुसऱ्याला पहिल्याची लाज वाटली. तिसऱ्याला दोनींची. मंग इतकी साठली, की उचलून आनता येईना."

परळचा गडी चढाईला आला. पाखाडीचे गडी हात धरून मागे सरले. तो नुसता हात हलवून परतला.

"काळाचौकीची बाई," नीराबाई म्हणाली.

"कंची?"

"नाकात चमकी असलेली. घाटावरची."

तो पहिल्यांदा मान वळवून वर पाहायला लागला. "खोलीत बारा बाप्ये निजतो आमी, पाळीपाळीनं. बाई कुठं ठेवू, खुंटीला?"

नीराबाईला हसू आवरलं नाही. सात वर्षांचं साठलेलं, ते खळखळून बाहेर पडलं, नेमकं सदू चढाईवरून आपल्या रेघेत परतून वाळूत तोंडावर आपटला त्या घटकेला. सदू त्या हसण्यावरून तिच्याशी पुढे दोन दिवस बोलला नाही.

हसू ओसरलं तशी ती हळू आवाजात म्हणाली, "मंग मला कुठं ठेवाल? खुंटीला?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडतोय तेवढ्यात तिकडं परळवाल्यांनी अंबाजीला धरलं. अंबाजी सापासारखा वळवळला, पण रेघ चार बोटं राहिली आणि दम तुटला. भागोजीआबांनी हात वर केला. "धर्मा जिवंत," परळचा कप्तान ओरडला, "ये आत."

धर्मा उठेना. जिवंत झालेला गडी बसून राहिलेला पाखाडीनं कधी पाहिला नव्हता. भागोजीआबांनी आभाळाकडे पाहिलं, तिथं यासाठी काही लिहिलेलं नसावं. परळचे गडी हाका मारत होते, पाखाडीतले कुजबुजत होते की हा काहीतरी डाव असणार.

"उठा," नीराबाई म्हणाली. "खेळ खोळंबलाय."

तिला दुसरं काही बोलता आलं असतं. तिच्या जिवाला दुसरंच हवं होतं. पण जिवंत गडी बाहेर बसलेला तिच्यानं बघवेना. तो उठला आणि आत गेला.

पाखाडी एका गड्यानं जिंकली. ढोल वाजला, गुलाल उडाला, अंबाजी इतका फुगला की शेवटी धर्माच्या पाठीवर थाप मारून, "सदूला उजवा पाय शिकवायला पायजे व्हता रं तू," असंही म्हणून गेला. पाखाडीचा राग जिंकल्यावर दहीभाताइतकाही टिकला नाही. परळवाल्यांनी रीतीप्रमाणे घाम वाळायच्या आत नारळ दिला. वैशाखात, पाऊस लागून आगबोटी बंद व्हायच्या आधी, आमच्या अंगणात या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळवाले गेले. गिरणीत दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा चालत नव्हता. धर्मा जाताना पडवीसमोरून गेला, थांबला. काशीबाई कुडाला कान लावून होती, तिनं सांगितलं ते असं, की कितीतरी वेळ नुसता केरसुणीचा आवाज आला, मग तो म्हणाला, "खोलीचं बघतो," आणि ती म्हणाली, "बघा." एवढंच. काशीबाईला फार वाईट वाटलं. इतका वेळ कान दुखवून घेतला, आणि हाती आले तीन शब्द.

चैत्र सरला. पडवीत काही बदल नव्हता, फक्त नीराबाई आगबोटीच्या दिवशी बंदराच्या वाटेनं पाणी आणायला लागली. ती वाट लांबची. निरोप आला नाही. बघतो म्हणणारा माणूस बघत असेल, की पुन्हा एका शिमग्याची लाज दुसऱ्यावर चढत असेल, हे इथून कळायला मार्ग नव्हता.

वैशाखात संघ निघायच्या आदल्या दिवशी अंबाजीच्या खळ्यात सगळे जमले होते. देवीपुढे नारळ ठेवून झाला होता. नीराबाई आली आणि म्हणाली, "मी येनार."

"कुठं?"

"मुंबईला. संघासंगं."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. अंबाजी म्हणाला, "वैनी, सामन्याला बाईमानूस कधी गेलीय काय?"

"म्हनूनच सात गड्यांनी हरलात मागच्या टायमाला. हितं जिंकता ते तुमच्या पायांनी? हितं अख्खी पाखाडी गडग्यावर हुबी असते. तिकडं तुमच्या बाजूनं वरडनारं कोन व्हतं? परळवाले चारशे, आनि तुमचे बघनारे कोन, तर तुमचेच पंचे खुंटीवरचे."

मार्गशीर्षापासून पाणी, वारं, खडी आणि भजी अशी सगळी कारणं चघळून झाली होती, आणि हे एकच कारण असं होतं की ऐकताक्षणी नऊही गड्यांना खरं वाटलं. त्या मैदानात कशी पोकळी होती, ते त्यांना आठवलं.

"आबा," अंबाजी म्हणाला, "रीत काय सांगते?"

भागोजीआबांनी या वेळी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईनं जाऊ नये अशी रीत न्हाय. आजवर कुनी इचारलंच न्हाय."

काशीबाईनं शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "आनि तिकडं गेल्यावर त्यानं खोली बघितलेली नसली तर गो?"

"तर मी बघीन," नीराबाई म्हणाली.

आगबोट सकाळी सुटली. नऊ गडी पुढे बोचक्यांवर पसरले आणि झोपले. नीराबाई कठड्याशी बसली. मुंबई कुठल्या दिशेला आहे हे सदूनं बोट करून दाखवलं होतं, ती तिकडेच बघत होती. तासाभरानं तिनं सदूला हलवलं.

"आलं काय रं?"

"दिघी हाय, वैनी."

सदू परत झोपला. थोड्या वेळानं पुन्हा हात.

"आता?"

"जंजिरा. झोप जरा."

"किती ऱ्हायलं?"

"अजून रेवदंडा न्हाय, अलिबाग न्हाय. सांज व्हईल वैनी."

तिनं मान डोलावली. पाण्याकडे पाहिलं. मग भिकूकडे वळली, कारण सदूनं आता डोक्यावरून पंचा ओढून घेतला होता. सात वर्षं जिनं कुणाला एकदाही 'कधी' म्हणून विचारलं नव्हतं, तिला ते आठ तास काही केल्या काढवेनात.